मानाचा आकडा

रविवारी संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आमच्या मालकांचं तोंड चाळीस हजार घरांमध्ये उघडं राहिलं आणि पुढची चार मिनिटं मिटलंच नाही. सावद्याच्या केळी मेळाव्यात जीवराम आबांचं भाषण चाललं होतं आणि आमच्याच केबलच्या वाहिनीवरून ते थेट दाखवत होते. ऐन वाक्यात चित्र गोठलं. आबांच्या जिभेवरची सुपारी दिसत होती, वरच्या दाढेत भरलेली चांदी दिसत होती. मग तोंडाचे चौकोनी तुकडे झाले आणि त्यातला एक कपाळावर जाऊन बसला. माझी अम्मी, रहिमाबी, जेवायला बसली होती, ती ताट उचलून आतल्या खोलीत गेली. मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही, कारण सोमवारी यावरून कुणाचा बळी जाणार हे मला तेव्हाच ठाऊक होतं.

मी तबस्सुम. जळगावात या केबल कंपनीत राउटर सांभाळते. माझे अब्बा अमीन मिस्त्री यांनी जन्मभर लोकांचे कूलर दुरुस्त केले. ते एकच गोष्ट सांगायचे, मोटर उघडून बघितल्याशिवाय मोटर जळाली म्हणू नये. आमच्या ऑफिसात बरोबर उलटं आहे. इथे आधी जळाली म्हणतात, मग उघडायचं की नाही ते बघतात.

सोमवारी सकाळी गिरधर सरांनी मीटिंग घेतली. गिरधर सर म्हणजे आमचे तांत्रिक प्रमुख. ते चहा बशीत ओततात, त्यात बिस्कीट बुडवतात, गळून पडलेला लगदा बोटाने काढून खातात आणि त्याच बोटाने आमच्या स्क्रीनवर चुका दाखवतात. माझ्या स्क्रीनवर त्यांच्या बोटांचे कायम सुकलेले डाग असतात. मी ते रोज पुसते आणि रोज मला तेवढीच किळस येते.

"उखर्डूचे जोड," सर म्हणाले. "शिंदखेड्याच्या पट्ट्यात फायबरचे जोड खराब आहेत, तिथेच चित्र फुटतं. दोन वर्षं ऐकतोय आपण. तबस्सुम मॅडम, शुक्रवारपर्यंत अहवाल लिहा. कारण मी सांगितलंय, पुरावा तुम्ही जोडा."

सरांच्या शेजारी त्यांचा भाचा योगराज बसला होता. पांढरे बूट, मोबाइलवर मान. त्याने न ऐकताच मान डोलावली.

आता हा प्रकार नीट कळायचा तर आमची तार कुठून येते ते सांगायला हवं. सगळ्या वाहिन्या धुळ्याला, हायवेवरच्या आमच्या एका हॉलमध्ये गोळा होतात. तिथून जळगावला यायला दोन वाटा आहेत. एक हायवेने, पारोळा आणि एरंडोलवरून. दुसरी वरून, शिंदखेडा, चोपडा आणि सावदा करत. वरची वाट लांबची आहे, पण राउटरला किलोमीटर कळत नाहीत. चोपड्यात तार नुसती पुढे जोडलेली आहे, राउटर नाही, त्यामुळे दोन्हीकडे टप्पे तेवढेच आणि तारही तेवढीच जाड, म्हणून त्याच्या हिशेबी दोन्ही वाटा सारख्या. हायवेची वाट योगराजकडे. वरच्या वाटेचा शिंदखेड्याचा पट्टा उखर्डूभाऊंकडे. आणि चित्र फुटायला लागलं की दोष कायम वरच्याच वाटेवर यायचा.

उखर्डू हे नाव ज्यांना विचित्र वाटतं त्यांच्यासाठी सांगते. आधीची मुलं जगली नाहीत की आमच्या भागात पुढच्या मुलाला उकिरड्यावर नेऊन ठेवायचे, तिथून उचलून आणायचे आणि नावही तेच द्यायचे. एवढं हलकं नाव ठेवलं की मरणही त्याच्याकडे ढुंकून बघत नाही, असा हिशेब. उखर्डूभाऊंच्या आईने चार लेकरांनंतर तो हिशेब केला आणि तो खरा ठरला. मरणाने सोडलेल्या या माणसाला गिरधर सर काही सोडत नव्हते. एकोणीस वर्षं काम केलेल्या, सत्तावन्न वर्षांच्या माणसाला खराब जोडाचा शिक्का मारून काढलं की जिल्ह्यात दुसरा कुणी त्याच्या हातात फायबर देणार नव्हता.

बुधवारी मी शिंदखेड्याला गेले. म्हटलं, लिहायचंच आहे तर उघडून लिहू.

उखर्डूभाऊ स्टँडवर मोटरसायकल घेऊन उभे होते. गावाबाहेर एका बांधाशेजारच्या खांबाखाली त्यांनी सतरंजी अंथरली, हात साबणाने धुतले, पुसले आणि मगच जोडांचा डबा उघडला. मी याआधी योगराजचा एरंडोलचा डबा पाहिलेला होता. त्यात गुटख्याच्या पुड्या होत्या, पालीची फुटलेली अंडी होती आणि जोडांवर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तो डबा पाहून आल्यावर मी दोनदा आंघोळ केली होती. उखर्डूभाऊंच्या डब्यात प्रत्येक धागा आपापल्या खोबणीत वळवून ठेवलेला, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी.

"ताई, हाऊ देखा," ते म्हणाले. "हाऊ जोड मी तिसरांदा करा शे. बठ्ठा जोड तीन-तीन दाव करात. मंग फोटो कसा काय फुटस?"

मी प्रकाश सोडून तार तपासायचं यंत्र लावलं. शिंदखेड्यापासून चोपड्यापर्यंत रेघ सरळ होती. एकाही जोडाला नाव ठेवायला जागा नव्हती. त्यांनी तरीही एक जोड माझ्यासमोर तोडून पुन्हा केला. काळा चष्मा कपाळावर सारला, डावा डोळा मिटला, केसापेक्षा बारीक धागा सोलला आणि मशीनमध्ये ठेवला. मला तो डोळा मिटणं म्हणजे जुन्या कारागिराची सवय वाटली.

"डोळ्यांचं ऑपरेशन झालं ना तुमचं?" मी विचारलं. त्यासाठी त्यांनी गेल्या वर्षी आठ दिवस रजा घेतली होती.

"हा. दोन्ही डोयास्नं," एवढंच ते म्हणाले आणि पुढच्या धाग्याकडे वळले.

गुरुवारी मी जळगावचा राउटर उघडून बसले. हे मी दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं. चित्र ज्या तुकड्यांत येतं त्या पॅकेटांपैकी वरच्या वाटेच्या तारेवर बिघडून आलेलं एकही नव्हतं. म्हणजे तार साफ, जोड साफ. पण जागा नाही म्हणून टाकून दिलेली पॅकेट लाखांनी होती, आणि ती सगळी संध्याकाळी सात ते दहामधली. तार खराब नव्हती. तार भरून वाहत होती.

मग मी बघितलं, कोणती वाहिनी कोणत्या वाटेने येते. तीनशे बारा वाहिन्या. सावद्याकडून तीनशे बारा. एरंडोलकडून शून्य.

मी यादी तीनदा वाचली. इंटरनेटचं वेगळं असतं. ज्याचं त्याचं सामान ज्याच्या त्याच्या घरी जातं, त्यामुळे राउटर ते दोन वाटांवर वाटतो, काही इकडून, काही तिकडून. टीव्हीचं तसं नाही. धुळ्याहून एका वाहिनीची एकच प्रत निघते आणि ज्या ज्या फाट्यावर लागेल तिथे तिच्या आणखी प्रती होतात. वाटही पाठवणारा ठरवत नाही, मागणारा ठरवतो. जळगावचा राउटर धुळ्याच्या दिशेने शेजाऱ्याला म्हणतो, मला ही वाहिनी दे. ज्याच्याकडे मागितली त्याच्याकडूनच ती घ्यायची, दुसऱ्याकडून आली तर फेकून द्यायची. शेजारी दोन, सावदा आणि एरंडोल, आणि दोन्ही वाटा सारख्या. मग मागायची कुणाकडे? यावर यंत्राचा एक साधा नियम आहे. वेगळं काही सांगून ठेवलं नसेल तर ज्या शेजाऱ्याच्या पत्त्याचा आकडा मोठा, त्याच्याकडे. प्रत्येक वाहिनीला. दरवेळी.

सावद्याचा आकडा होता दोनशे चोपन्न. एरंडोलचा अकरा.

हे आकडे कुणी दिले ते मला शोधावं लागलं नाही. पाच वर्षांपूर्वी मी नोकरीला नवीन लागले तेव्हा पत्त्यांचं पत्रक मीच बनवलं होतं. आमच्याकडे लग्नपत्रिकेत नावं मानाने लागतात, एक मामा खाली सरकला तर मांडवात भांडण होतं. गिरधर सरांनी पत्रकाचीही लग्नपत्रिका केली. "सावदा आबांचं गाव आहे. त्याला सगळ्यात मोठा आकडा द्या, मानाचा. फैजपूर त्यांची सासरवाडी, दोनशे त्रेपन्न. यावल आबांचे व्याही, दोनशे बावन्न." एरंडोलला आपलं कुणी नाही म्हणून अकरा. शिंदखेड्याला सात. मला तेव्हा ते मूर्खपणाचं वाटलं होतं आणि मी हसत हसत टाइप केलं होतं. वर त्याची छापील प्रत आबांच्या ऑफिसात फ्रेम करून लावली.

आणखी एक गोष्ट आठवली आणि मला माझीच शिसारी आली. दोन वर्षांपूर्वी आम्ही एकदम नव्वद एचडी वाहिन्या वाढवल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. त्याच महिन्यात चित्र फुटायला लागलं आणि उखर्डूभाऊंनी मला फोन करून विचारलं होतं, "ताई, टीव्ही दोन्ही बाजूथीन येस ना? का बठ्ठा मनाच वरथीन जास?" सगळा टीव्ही त्यांच्याच वाटेवरून जातो का, असं ते विचारत होते. मी तेव्हा डबा खात होते. इंटरनेट अर्धं-अर्धं जातं हे मला माहीत होतं, म्हणून राउटर न उघडताच मी सांगितलं, "दोन्हीकडून येतो भाऊ. अर्धा-अर्धा." प्रश्न एका लाइनमनने बरोबर विचारला होता आणि उत्तर एका इंजिनीअर बाईने तोंडात घास ठेवून दिलं होतं.

मी उठून सरांच्या केबिनमध्ये गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं, ते चकित होतील. ते काडीने कान कोरत होते, ते थांबले नाहीत.

"मार्चपासून माहितीये मला," ते म्हणाले.

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? आबांना जाऊन सांगू, तुमच्या गावाच्या मानापायी दोन वर्षं टीव्ही फुटतोय, आणि तो आकडा मी सुचवला होता? तुम्ही टाइप केला होता, मॅडम, हेही सांगू?" त्यांनी काडीचं टोक बघितलं आणि ते टेबलाच्या कडेला पुसलं. "उपाय एका ओळीचा आहे, राउटरला हुकूम द्यायचा, वाहिन्या दोन्ही वाटांवर वाटून द्यायच्या. ती ओळ शनिवारी घाला. शुक्रवारी उखर्डूला पत्र जाईल. शुक्रवारी माणूस गेला, शनिवारी चित्र सुधारलं. आबांना दिसेल, लोकांना दिसेल. विषय संपला."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण मी शाळेत पाठ केली होती. पण त्यातला चोर टेबलावर कानातला मळ पुसतो, एवढ्या जवळून मी ती कधी पाहिली नव्हती. शिंदखेड्याचा पट्टा योगराजला मिळणार होता, हे मला ते न सांगताही कळलं.

पुढचं सांगताना मी स्वतःला सोडणार नाही. मी अहवाल खरा लिहिला. आकडे, नियम, तीनशे बारा आणि शून्य, सगळं. तो सरांच्या हातात दिला. सरांनी तो खारी बिस्किटांच्या पुड्याखाली, ड्रॉवरमध्ये ठेवला. शुक्रवारी उखर्डूभाऊंना पत्र गेलं. आणि शनिवारी मी ती ओळ घातली. चाळीस हजार घरांत रोज चित्र फुटतं ते थांबवायला हवं, असं मी मनाला सांगितलं. खरं कारण एवढंच होतं की मला सांगितलं गेलं आणि मी केलं, पाच वर्षांपूर्वी केलं तसंच. लिहिलं म्हणजे बोललो, असं शिकलेल्या माणसाला वाटतं. ड्रॉवरमधलं कुणी वाचत नाही.

ओळ घातल्यावर तीन सेकंद पडदा काळा झाला आणि वाहिन्या वाटल्या गेल्या. सावद्याकडून एकशे त्रेसष्ट, एरंडोलकडून एकशे एकोणपन्नास. अगदी बरोबर निम्मे नाहीत, यंत्र तोलून देत नाही, नुसतं वाटून देतं. पण तेवढं पुरलं. रविवारी संध्याकाळी एकाही घरातून तक्रार आली नाही.

सोमवारी सरांनी जिलेबी आणली. "कीड काढली की झाड सुधारतं," ते पाकातले हात झटकत म्हणाले. हिशेब बघणाऱ्या सुलक्षणाबाई एरवी मुंगीलाही पाय लागू देत नाहीत. त्यासुद्धा म्हणाल्या, बरं झालं बाई, म्हाताऱ्याच्या हातात राहिलंच नव्हतं काही. माझ्या टेबलावर ठेवलेल्या जिलेबीवर माशी बसली. मी ती हाकलली नाही.

दुपारी घरी जेवायला गेले तर अम्मी टीव्ही बघत होती. "अब कितना साफ आता है," ती म्हणाली. "वो धुलिया वाला आदमी निकाला ना, वही खराब कर रहा था. पड़ोस में सब बोल रहे."

माझा घास तोंडातच राहिला. उखर्डूभाऊंना ज्यांनी कधी पाहिलंही नाही, त्या आमच्या शिवाजीनगरच्या गल्लीत ते दोषी ठरले होते, आणि पुरावा मीच दिला होता, माझ्या हाताने, एका ओळीत. पत्र फाडता आलं असतं. साफ चित्राला काय करणार? जोपर्यंत टीव्ही नीट दिसत होता तोपर्यंत तो माणूस गुन्हेगार होता.

मी ऑफिसात परत गेले आणि ती ओळ काढून टाकली.

तीन सेकंद काळा पडदा. सावद्याकडून तीनशे बारा. एरंडोलकडून शून्य. हे मी माझ्या नावाने, नोंद राहील असं केलं. चाळीस हजार घरांची संध्याकाळ मी जाणूनबुजून नासवली आणि मला जराही वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर आठवड्यात पहिल्यांदा मला हात धुवावेसे वाटले नाहीत.

संध्याकाळी सात वाजता चित्र फुटलं. फोन वाजायला लागले. सर केबिनमधून बाहेर आले, माझ्या टेबलापाशी थांबले. त्यांनी राउटरची नोंद वाचली होती. मी काय केलं ते त्यांना कळलं होतं, आणि त्यांना ते कळलंय हे मला कळलं होतं.

"ओळ घाला परत," ते हळूच म्हणाले.

"कोणती ओळ, सर? आजार तर जोडांचा होता ना?"

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. ओळीचं नाव काढलं की आकड्याचं नाव निघणार, आणि नाही काढलं तर शिंदखेड्याचा पट्टा आता भाच्याच्या हातात होता. योगराज मागे उभा होता. त्याचे पांढरे बूट आज जागच्या जागी हलत होते. "मामा, मी तिकडे हातसुद्धा लावला नाही," तो म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे बहुधा पहिलं खरं वाक्य असावं.

मंगळवारी संध्याकाळी आबांनी आम्हा तिघांना सावद्याला बोलावलं. आबांचं ऑफिस केळीच्या पॅकिंग शेडमध्येच आहे. हमालांच्या बनियनवर केळीच्या चिकाचे काळे डाग, ते कधीच जात नाहीत. भिंतीवर माझं पत्रक फ्रेममध्ये, वर झेंडूचा सुकलेला हार. शेजारी टीव्ही, सावद्यातही घरोघरचं चित्र जळगावहूनच वाटलं जातं; त्यात बातम्या सांगणाऱ्या बाईचं नाक कानावर गेलेलं.

"तो उखर्डू गेला ना?" आबांनी विचारलं. "मंग आता काहून फुटते?"

सर खाली बघत राहिले. योगराजने सरांकडे बघितलं. मी लॅपटॉप उघडला.

"आबा, टीव्हीकडे बघा," मी म्हणाले. ओळ घातली. पडदा काळा झाला, बाईचं नाक जागेवर आलं. काढली, नाक पुन्हा कानावर. परत घातली. "शिंदखेड्यात आत्ता कुणी नाही. जोडाला कुणी हात लावला नाही. मी जळगावच्या राउटरशी बोलतेय फक्त."

मग मी भिंतीवरची फ्रेम दाखवली आणि आकड्याचं सांगितलं. आबांनी सुपारी चघळत पत्रक वाचलं.

"म्हंजे दोन्ही वाटा सारख्याच. तरी त्यानं माह्या सावद्यालेच धरलं, आकडा मोठा म्हनून."

"हो."

"अन् आकडा कोनं देला?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. माझा निर्णय तोवर झाला होता. "सरांनी सांगितला, आबा. मी दिला. आणि दोन वर्षांपूर्वी उखर्डूभाऊंनी मला बरोबर प्रश्न विचारला होता, तेव्हा मी न बघता उत्तर दिलं."

आबा उठले. मला वाटलं, फ्रेम काढतात. त्यांनी ती नुसती सरळ केली. "आकडा ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "मानाचा हाय तो. ते वाटून द्यायचं तेवढं करा. अन् त्या मान्साले उद्या बलवा कामावर."

एवढंच. एका माणसाची अब्रू दोन वर्षं फाटत होती, आणि मालकाला फ्रेम तिरकी झाल्याचं दुःख. गिरधर सरांना काहीही झालं नाही, अशा लोकांना कधी काही होत नसतं. परत येताना गाडीत त्यांनी मला पॅकिंग शेडमधून उचललेलं केळं सोलून दिलं, अर्धं स्वतः खाऊन. मी काच खाली केली आणि ते त्यांच्या देखत बाहेर फेकलं.

बुधवारी मी पत्र घेऊन स्वतः शिंदखेड्याला गेले. बातमी फोनवर देता आली असती. पण माझ्याकडे नुसती बातमी नव्हती.

उखर्डूभाऊ घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांची बायको बेबाबाई आत चहा ठेवत होती. मी पत्र दिलं. त्यांनी ते डावा डोळा मिटून वाचलं, घडी करून खिशात ठेवलं.

"मंग खराबी कोठे व्हती, ताई?"

मी सांगितलं. तीनशे बारा, शून्य, मानाचा आकडा. तो मी दिला. "अर्धा-अर्धा" मी म्हणाले, तेव्हा मी बघितलंच नव्हतं.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बोटांवर काहीतरी जुळवत राहिले. बेबाबाई चहा घेऊन दारात येऊन थांबली.

"म्हंजे मना जोड चांगला व्हतात," ते म्हणाले.

"सगळे."

"पहिलेपासून?"

"पहिल्यापासून, भाऊ."

"मंग मना डोया बी चांगला व्हतात."

मला कळेना. बेबाबाईने चहा खाली ठेवला आणि सांगितलं. टीव्ही अर्धा-अर्धा येतो, म्हणजे तारेवर ओझं नाही, मग फुटतो तो आपल्याच पट्ट्यात फुटतो, असं यांच्या मनाने घेतलं. एकेक जोड तीनदा केला, तरी फुटे. म्हणून हे डॉक्टरकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मोतीबिंदू अजून कच्चा आहे, दोन-तीन वर्षं थांबा. यांनीच हट्ट धरला.

"मीच म्हनं, काढी टाका," उखर्डूभाऊ म्हणाले. "मना जोड बिघडी ऱ्हायनात म्हनं, मले दिसत नही." त्यांनी बोट डाव्या डोळ्याला लावलं. "हाऊ बिघडना. आते याम्हा नुसता धूर दिसस."

मी चहा प्यायले नाही. कपाच्या कडेला साय जमत होती आणि मला स्वतःचा इतका वीट आला होता की तोंडाला काही लागू नये असं वाटत होतं. मी माफ करा म्हणाले. ते "जाऊ द्या, ताई" म्हणाले, लोक म्हणतात तसं, आणि गुरुवारी सकाळी आठ वाजता कामावर आले.

आता ते एका डोळ्यावर जोड करतात. जोड पूर्वीसारखेच आहेत, प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी. पण प्रत्येक जोड झाला की ते मला फोन करतात. "ताई, देखा बरं, बरोबर शे का?" मी हातातलं टाकून उठते, राउटर उघडते, तार तपासते, सावद्याकडून किती आणि एरंडोलकडून किती तेही बघते आणि सांगते, "बरोबर आहे, भाऊ."

मग ते विचारतात, "देखीसन सांगी ऱ्हायनात ना?"

"बघून सांगतेय," मी म्हणते, आणि फोन तसाच धरून पुन्हा एकदा बघते.